शेवटच्या लेव्हलचा नाग

निकिताच्या नागाला पापण्या होत्या. पहिली अडचण ती.

शनिवारी दुपारी ती आमच्या घरी आली, चप्पल काढायच्या आधीच फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, बघा. माझा पहिला प्राणी."

फोनची स्क्रीन काड्यापेटीएवढी. तिच्यावर एक गुहा, गुहेच्या तोंडाशी वेटोळं घालून बसलेला हिरवट नाग आणि त्याच्यासमोर तलवार घेतलेला नखाएवढा माणूस. मी वाचायचा चष्मा लावून पाहिलं. नागाने फणा काढला, जीभ बाहेर आली, आत गेली, आणि मग त्याने सावकाश डोळे मिटले.

"सुंदर," मी म्हणालो. "झोप आली वाटतं त्याला."

"झोप नाही हो सर. शांत झालाय तो."

"सापाला डोळे मिटताना कधी पाहिलंस?"

"मिटत नाहीत?"

"मिटायला पापण्या लागतात. त्याच्या डोळ्यावर काचेसारखं एक पारदर्शक खवलं असतं. कात टाकतो तेव्हा तेही निघून येतं. हे तुला शिकवलंय मी."

"तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असेन."

"बघत होतीसच. मीच बसवलं होतं तुला खिडकीजवळ. दुसरीकडे बसलीस की शेजारणीच्या वहीत चित्रं काढायचीस."

ती हसली आणि मग चप्पल काढायला दारापाशी गेली.

मी नोकरीभर महापालिकेच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कोथरूडमधल्या आमच्या वस्तीच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घेतो, तो नोकरीत असतानाही घेत होतो आणि निवृत्त झाल्यावरही चालू आहे. माझं नाव पोपट. प्राण्यांविषयी शिकवणाऱ्या मास्तरांचं नाव पोपट असलं की पहिल्या तासाला मुलांना हसवायला वेगळं काही करावं लागत नाही. निकिता याच रविवारच्या वर्गातली. पुढे तिने चित्रकलेचं शिक्षण घेतलं, कॉम्प्युटर शिकली, आणि आता मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागली होती. त्या वर्षी पुण्यात ज्याच्या त्याच्या खिशात रंगीत स्क्रीनचा फोन आला होता. आयटीत नोकरी लागली म्हणजे परदेशी बँकांची कामं, एवढंच आम्हाला माहीत. आमच्या निकिताला साप काढायचे पैसे मिळतात हे तिच्या घरच्यांना सांगतानाही जरा जड जायचं.

चहा पिताना तिने दुसरी, खरी अडचण सांगितली.

गेम एका परदेशी कंपनीसाठी होता. त्यातला वीर जंगल ओलांडतो, किल्ला चढतो आणि शेवटच्या लेव्हलला गुहेपाशी पोचतो. तिथे असतो बॉस. बॉस म्हणजे तिचा मालक साईनाथ नव्हे. गेमच्या शेवटी जो मोठा शत्रू असतो त्यालाही बॉस म्हणतात, हे तिने मला समजावून सांगितलं. साईनाथने तिला सांगितलं होतं की नागावर तलवारीचे पुरेसे घाव बसले की त्याचे तुकडे व्हायला हवेत आणि तुकड्यांतून सोन्याची नाणी उडायला हवीत. परवाचा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी ती लेव्हल पाठवायची होती.

"मग?" मी विचारलं.

"मला त्याला मारायचं नाहीये, सर." तिने कप खाली ठेवला. "तुम्हाला विहारातलं जुनं चित्र आठवतं? पत्र्याचं छप्पर होतं तेव्हाचं?"

आठवत होतं. भगवान बुद्ध ध्यानाला बसले आहेत, पाऊस कोसळतो आहे आणि त्यांच्याभोवती वेटोळी घालून नागराज मुचलिंदाने डोक्यावर फणा धरला आहे. आठ वर्षांची निकिता मुद्दाम त्या चित्राखाली बसायची, कारण छप्पर गळायचं तेव्हा नेमकी तेवढीच जागा कोरडी राहायची. तिला वाटायचं, नागामुळे. मी एकदा तिला ती गोष्ट सांगितली. ज्ञान मिळाल्यानंतर बुद्ध एका झाडाखाली बसले होते, अवेळी वादळ आलं, झाडाच्या मुळाशी राहणारा मुचलिंद बाहेर आला आणि पाऊस संपेपर्यंत त्याने त्यांना झाकून ठेवलं.

"पाऊस थांबल्यावर नाग कुठे गेला?" तिने विचारलं होतं.

"त्याने वेटोळी सोडली, तरुण माणसाचं रूप घेतलं आणि नमस्कार केला, अशी गोष्ट आहे."

"आणि मग?"

"पुढचं मला ठाऊक नाही," मी म्हटलं होतं. तिला ते उत्तर अजिबात आवडलं नव्हतं.

आता तिचा नाग जगणार की त्याची नाणी होणार, एवढाच प्रश्न होता. मी तिला म्हटलं, "आधी खरा बघू. मंगळवारी कात्रजला येतेस?"

दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या वर्गात मी सापांवरच बोललो. डोक्यात तेच होतं. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात, पुंगीचा सूर आपल्याला ऐकू येतो तसा त्याला येत नाही, तो पुंगीच्या हलणाऱ्या टोकाकडे बघून डोलतो, वगैरे. मुलांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो साप दूध पीत नाही याचा.

कात्रजच्या सर्पोद्यानात आम्ही मंगळवारी गेलो. निकिताने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि चौकटीचे कागद आणले होते. फोनच्या स्क्रीनवर चित्र म्हणजे नुसते रंगीत ठिपके. चौकटी भरत गेलं की ठिपके मोजता येतात. तिच्या सबंध फण्याला मूठभर ठिपके मिळत होते.

काचेमागचा नाग मात्र एखाद्या दोरीसारखा पडून होता.

"सर, हा फणाच काढत नाहीये."

"कशाला काढेल? त्याचं काय अडलंय?"

तेवढ्यात सहलीला आलेल्या पोरांचा घोळका आला आणि त्यातल्या एकाने काचेवर थापा मारल्या. नाग सर्रकन उठला. मान पसरली, मागचा चष्म्याचा आकार ताणला गेला, आणि निकिताची पेन्सिल धावायला लागली. मी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू आंघोळीला बसलास आणि कोणी दार बडवलं तर कसं वाटेल?" तो लाजला. पोरं पुढे गेली.

"केवढा रागावलाय बघा," निकिता म्हणाली.

"रागावला नाही. घाबरलाय. मानेजवळच्या बरगड्या लांब असतात, त्या छत्रीच्या काड्यांसारख्या उघडतो. आपण आहोत त्यापेक्षा मोठे दिसावं आणि समोरच्याने निघून जावं, एवढीच त्याची इच्छा. आता हलू नकोस."

आम्ही दोघं उभे राहिलो. मला गुडघ्यामुळे फार वेळ स्थिर उभं राहवत नाही, पण राहिलो. नाग आमच्याकडे बघत होता. मग फणा थोडा अरुंद झाला. मग आणखी. शेवटी मान साधी झाली आणि तो खाली टेकला. डोळे अर्थात उघडेच.

निकिताने किती तरी वेळ काही काढलं नाही. मग कागदावर चार चौकटी भरल्या, खोडल्या, तीन भरल्या. "सर, पापण्यांची गरजच नाही," ती म्हणाली. "तो शांत झाला हे फण्यावरून कळतं."

पुढच्या कोठडीत अजगराची मादी होती. उन्हाळ्याचे दिवस, अंडी घालण्याचा काळ. तिने अंड्यांभोवती घट्ट वेटोळी घातली होती आणि वरून डोकं ठेवलं होतं. नीट पाहिलं तर तिचं अंग मधूनच थरथरत होतं.

"आजारी आहे का ही?"

"नाही. अशी थरथरून अंग गरम करते. अंड्यांना ऊब मिळते."

निकिता काचेला नाक लावून बघत राहिली. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "नाग असं करतो?"

"नागीण अंड्यांजवळ थांबते, राखण करते. पण अंगाने असं वेढून ऊब देणं हे अजगराचं काम."

"मग आपला मुचलिंद? त्याची वेटोळी अजगराची आहेत आणि फणा नागाचा."

इतकी वर्षं ती गोष्ट सांगत आलो, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाहेर झाडाखालच्या बाकावर बसून आम्ही त्यावर बोललो. मी म्हणालो की हा माझा नुसता अंदाज आहे, पण ज्याने कोणी ही गोष्ट पहिल्यांदा रचली, तो रानात राहणारा असावा. त्याने घाबरलेल्या नागाचा फणा पाहिला असेल आणि पिल्लांसाठी थरथरणारी अजगराची मादीही पाहिली असेल. दोन्ही एकत्र केल्यावर जो प्राणी झाला तो रानात कुठेच नाही, तरी त्यातला एकही तुकडा खोटा नाही. आपल्याकडच्या जुन्या कथा नागांनी भरलेल्या आहेत. कोणी पृथ्वी डोक्यावर तोलतो, कोणी समुद्र घुसळायला दोर होतो, कोणी राजाला दंश करतो. विहारात आम्ही मुलांना सांगतो की प्राचीन नाग लोक हे आपले पूर्वज. म्हणजे हे जनावर आपल्याला भीतीचंही आहे आणि घरचंही.

"घरचं जनावर तलवारीने तोडून नाणी काढायची," निकिता म्हणाली आणि कागद पिशवीत घातले. "सर, माझ्याबरोबर ऑफिसला चला. साईनाथदादा तुमचं ऐकेल."

"तो माझा विद्यार्थी नाही."

"म्हणूनच ऐकेल."

साईनाथचं ऑफिस एका सोसायटीच्या पार्किंगवर, पहिल्या मजल्यावर होतं. ती सोसायटी उभी आहे तिथे त्याच्या वडिलांचं ज्वारीचं रान होतं. रानाच्या मोबदल्यात आलेल्या पैशांतून भावांनी जीप घेतल्या, याने कॉम्प्युटर घेतले. माणूस मोकळा, पण जिभेला धार.

"या गुरुजी, बसा. खुर्ची बघून घ्या, तिचं एक चाक परवाच राजीनामा देऊन गेलंय."

निकिताने कागद पसरले आणि सांगायला सुरुवात केली. वीर पुढे सरकला, तलवार फिरवली की नाग घाबरणार, फणा काढणार, फटका मारणार. वीर जागच्या जागी थांबला की फणा हळूहळू खाली येणार. पूर्ण खाली आला की पाऊस सुरू होणार, आणि नाग वीराभोवती वेटोळी घालून त्याच्यावर फणा धरणार. लेव्हल जिंकली.

साईनाथने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शेवटच्या लेव्हलला करायचं काय?"

"उभं राहायचं."

"उभं राहायला लोक बँकेत जातात, निकिता. त्यासाठी गेम कोण विकत घेतं?"

"दादा, तो शत्रू नाहीये. घाबरलेला आहे."

"हे बघ, नागाशी माझं काही वाकडं नाही. आमची आई नागपंचमीला विळीला हात लावू देत नाही. चिरणं नाही, तळणं नाही, तवा नाही. मला त्या दिवशी दाढीसुद्धा करू देत नाही. पण तो वर्षातला एक दिवस झाला. गेममध्ये तलवार देऊन ती चालवू नका म्हणायचं? आणि कळणार कसं पोरांना? स्क्रीनवर लिहायचं, कृपया बटण दाबू नये?"

"लिहायचं नाही. त्यांचं त्यांना कळलं पाहिजे."

"नाहीच कळणार."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हे आपण तिघांनी बसून ठरवण्यात अर्थ नाही. रविवारी वर्गात मुलं असतात. त्यांच्या हातात देऊन बघा."

साईनाथला ते पटलं. त्याने खुर्ची मागे रेलवली. "ठरलं. कोणी काही सुचवायचं नाही, गुरुजी तुम्हीसुद्धा. एका जरी पोराला समजलं, तरी नाग वाचला. नाही समजलं तर सोमवारी त्याला मारायचा." मग त्याने निकिताकडे बोट केलं. "आणि तूच मारायचास. ते मरण मी दुसऱ्या कोणाला काढायला देणार नाही. तुझ्याइतकं चांगलं कोणाला जमणारही नाही."

निकिताने मान हलवली. जिना उतरताना ती एकच वाक्य बोलली. "सर, मी त्याची पाठ फार छान रंगवलीय हो."

रविवारी ती आणि साईनाथ ऑफिसातले चाचणीचे फोन घेऊन विहारात आले. मुलं दोन-दोन, तीन-तीनच्या टोळक्यांत फोनवर तुटून पडली. निकिता मागे भिंतीला टेकून बसली. साईनाथने दाराजवळची चटई धरली. त्याच्या शेजारी चंपाबाई होत्या. विहाराची झाडलोट, समईतलं तेल, मेणबत्त्या, सगळं त्या बघतात आणि कोणाचीही भीड धरत नाहीत.

"ए, फणा काढला की डोक्यात मार!"

"मारतोय ना! मेलो. परत मेलो."

"दे इकडे. तुला येत नाही."

"रतन, तू पण मेलास. सगळ्यांत लवकर मेलास."

"पाठीमागून जाता येतं का बघ."

"गुहेला पाठीमागनं दार नाही, शहाण्या."

चंपाबाई साईनाथला म्हणाल्या, "विहारात मारामारी आणलीत का हो तुम्ही?"

"गेममधली आहे मावशी."

"रक्त सांडणार नाही ना? मग चालू द्या. पुसायला मीच असते."

वेळ जात होता. एकालाही थांबायचं सुचत नव्हतं. वीर मेला की मुलं आणखी जोरात बटणं दाबायची. निकिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मी दोन्ही वेळा छताकडे पाहिलं. शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे उत्तर माहीत असताना गप्प बसणं. ते मला अजूनही सहज जमत नाही.

"पोपट सर," चंपाबाईंनी हाक मारली, "वंदनेची वेळ झाली. का आज नागच पुजायचा?"

आमच्याकडे एक शिस्त आहे. वंदना म्हटली की हातात असेल ते खाली. खडू असो, गोळी असो, भांडण असो. मुलांनी फोन चटईवर ठेवले, पाय दुमडले, हात जोडले. मेणबत्त्या लागल्या. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे फुलं ठेवली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. साईनाथही मांडी घालून, हात जोडून बसला होता.

शेवटचा साधुकार म्हणून झाला. सोनालीने आपला फोन उचलला आणि किंचाळली.

तिच्या स्क्रीनवर पाऊस पडत होता. नखाएवढा वीर सुकाच होता. त्याच्याभोवती हिरवी वेटोळी होती आणि डोक्यावर फणा.

"माझ्या पण!" "आमच्या पण! सर, बघा!"

एका क्षणात सगळी मुलं निकिताभोवती जमली. ती उठून उभी राहिली होती. मी साईनाथकडे पाहिलं.

"हे धरायचं नाही," तो म्हणाला. "पोरांनी केलं नाही, आपोआप झालं."

मी काही बोलायच्या आधीच निकिता म्हणाली, "हो दादा. नाही धरायचं." आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

मुलांचं मात्र ठरलं होतं. रतनने जाहीर केलं, "सर, याला वंदना कळते!" त्याने गेम पुन्हा सुरू केला, फोन चटईवर ठेवला आणि हात जोडून मोठ्याने पंचशील सुरू केलं. बाकीचेही बसले. फणा खाली आला, पाऊस पडला, वेटोळी पडली. जल्लोष झाला.

"कळणारच," चंपाबाई समाधानाने म्हणाल्या.

"झालं," साईनाथने कपाळाला हात लावला. "आता गेमबरोबर एक चटई पण विकावी लागणार."

निकिता माझ्याकडे बघत होती. एक वाक्य सांगा ना, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी पुन्हा छताकडे पाहिलं.

सोनाली एकटीच हसत नव्हती. दहा वर्षांची मुलगी, नेहमी शेवटी प्रश्न विचारणारी. तिने भुवया आवळल्या होत्या.

"सर, सापाला कान नसतात ना? मागच्या रविवारी तुम्हीच म्हणालात. पुंगी ऐकत नाही, हलणारी पुंगी बघतो."

"म्हणालो होतो."

"ही फितुरी झाली, गुरुजी," साईनाथ म्हणाला.

"ठरायच्या आधीचं आहे ते. शिकवणं झालं."

सोनालीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "मग याने वंदना ऐकली कशी?"

"हा मोबाइलमधला साप आहे, येडे," रतन म्हणाला. "खरा आहे का तो?"

"ताईने काढलाय. ताईने खरा बघूनच काढला असणार. याच्या डोळ्याला बघ, पापणी पण नाही." तिने त्याच्या हातातला फोन घेतला. "थांब. मी वंदना म्हणते आणि एक बटण दाबत राहते. तू दुसऱ्या फोनला हात लावू नकोस, पण वंदना पण म्हणू नकोस. काहीतरी वेगळंच ओरड."

रतनला ओरडायला सांगावं लागत नाही. त्याने भाजीवाल्याची आरोळी ठोकली, "मेथी, कोथिंबीर, पालेऽऽक!" आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. सोनाली डोळे उघडे ठेवून पंचशील म्हणत होती आणि अंगठ्याने वीराला पुढे-मागे करत होती. सगळा वर्ग दोन्ही फोनांवर वाकला.

मेथी-कोथिंबिरीच्या नागाने फणा खाली घेतला. पाऊस सुरू झाला. पंचशीलाचा नाग ताठ उभा होता, आणि त्याने सोनालीच्या वीराला आडवं केलं.

"हलायचं नाही त्याच्यासमोर," सोनाली म्हणाली. "घाबरतो तो."

साईनाथ उठून मुलांमध्ये येऊन बसला. "कोण घाबरतो?"

"साप. हा तलवार घेऊन आलाय ना त्याच्या घरी."

"मग आधीच का नाही थांबलीस?"

"तलवार दिलेली ना काका. मला वाटलं, दिलीय म्हणजे मारायचंच असतं."

साईनाथने तो फोन घेतला, लेव्हल पहिल्यापासून लावली आणि फोन तळहातावर सपाट धरून, अंगठे दूर ठेवून बघत बसला. फणा खाली यायला वेळ लागतो. निकिताने तो मुद्दाम तसा ठेवला होता. त्याचा अंगठा एकदा बटणाकडे गेला आणि परत आला. पाऊस पडायला लागला तेव्हा तो म्हणाला, "पाठ छान रंगवलीयस."

"दादा," निकिता म्हणाली, "तलवार काढून टाकू का? शेवटच्या लेव्हलला वीराच्या हातात काहीच नको."

"अजिबात नको काढू. आमच्या आईच्या घरात विळीच नसती तर नागपंचमीला ती बाजूला काय ठेवली असती? तलवार असू दे. चांगली धारदार दिसली पाहिजे." त्याने फोन तिला परत दिला. "क्लायंटला काय सांगायचं ते मी बघतो. नाहीच पटलं, तर एकदा त्यांच्यासमोर या पोरांना बसवू. मेथी-कोथिंबीरसकट."

निकिता हसायला लागली आणि मग ओढणीने डोळे पुसायला लागली. चंपाबाईंनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "नाग वाचला." त्या म्हणाल्या, "वाचणारच. विहारात होता."

मुलं पुन्हा फोनवर वळली होती, आता अगदी सावकाश, श्वास रोखून. रतनला सगळ्यांत जास्त त्रास होत होता. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते. सोनालीने मात्र फोन खाली ठेवला आणि ती निकिताशेजारी येऊन बसली.

"ताई, पाऊस थांबल्यावर हा कुठे जातो?"

निकिताने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी छताकडे पाहिलं नाही. मलाही ते ऐकायचं होतं.

"ते अजून काढलं नाहीये," ती म्हणाली.

"मग काढ ना."

"सोमवारपर्यंत बरं का," साईनाथने पलीकडून आठवण करून दिली.

निकिताने पिशवीतून चौकटीचा कागद काढला, चटईवर पसरला आणि पेन्सिलीने पहिली चौकट भरली. सोनाली तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डोळे उघडेच ठेव हं त्याचे."